लादीचा काठ

कापडाचा जाणकार व्यापारी थान हाती घेतो, तेव्हा आधी त्याचा काठ पाहतो. मधला पोत कितीही सुबक असला, तरी विणकराचा हात किती स्थिर होता हे काठच सांगतो. घराच्या लादीचेही तसेच आहे. दुकानात पसंत केली जाते ती तिची चकाकी आणि नक्षी. रोजचा संबंध मात्र येतो तो कडांशी. पाय ठेचतो तो कडेला, पाणी झिरपते ते कडेतून आणि मळ साठतो तोही कडेलाच.

मुंबईच्या जुन्या घरांना याचे भान होते. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेतून ‘भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स’ हा उद्योग सुरू केला. त्या काळच्या रंगीत सिमेंट लाद्यांत मधल्या नक्षीची लादी वेगळी, किनारीची वेगळी आणि कोपऱ्याची आणखी वेगळी असे. खोलीचे माप आणि किनारीचा हिशोब आधी मांडल्याशिवाय अशी जमीन बसतच नसे. पुढे उपनगरांतील सोसायट्यांत मोझॅक आले आणि आता मोरबीहून येणाऱ्या मोठ्या व्हिट्रिफाइड लाद्या आल्या. किनारीची लादी गेली. किनारीचा विचार मात्र घरमालकाकडे आला.

घाटकोपर पूर्वेला एका जुन्या सोसायटीत सुताचा व्यापार करणारे एक कुटुंब राहते. त्यांनी नूतनीकरण काढले, तेव्हा मोझॅक न फोडता त्यावरच नवी लादी चिकटवावी, असे मुलाचे मत पडले. धूळ कमी, डेब्रिज कमी आणि शेजाऱ्यांना त्रासही कमी. निष्कारण तोडफोड म्हणजे अनर्थदंडच, हा त्यामागचा विचार योग्य होता. परंतु ९ मिलिमीटरची लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून जमीन सुमारे १४ मिलिमीटर वर येते. खोलीची नवी लादी जिथे संपते, तिथे एक लहानशी पायरी तयार होते. घरातील वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठीच्या आधाराने चालणारे. त्यांना अडखळायला तेवढी पायरी पुरेशी होती. शेवटी उंबऱ्यात दोन्ही बाजूंनी घासून उतार दिलेली ग्रॅनाइटची पट्टी ठरली आणि दार खालून तासायचे ठरले. जुनी जमीन ठोकून पाहून पोकळ वाजणाऱ्या लाद्या आधी काढल्या गेल्या.

नवी लादी आणि मसाला यांचे वजन दर चौरस मीटरला २५ ते ३० किलो भरते. म्हणून सोसायटीच्या अभियंत्याची संमतीही घेतली गेली. घाटकोपरकरांना ही काळजी अनाठायी वाटणार नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. आपल्या घराची कड दुसऱ्याच्या छतापाशी संपते, हे त्या दिवशी सर्वांनाच कळले.

मग प्रश्न आला मांडणीचा. खोली ३१०० मिलिमीटर रुंद आणि ३६२० मिलिमीटर लांब. लादी ६०० मिलिमीटरची. मिस्त्री म्हणाला, “शेठ, या भिंतीपासून पुरी लादी धरली, तर पलीकडे जेमतेम सव्वातीन इंचाची पट्टी येईल. मधून धरू या.” मधोमध चार अखंड लाद्या धरल्या, तर दोन्ही भिंतींकडे सुमारे ३४० मिलिमीटरचे, म्हणजे अर्ध्या लादीहून मोठे तुकडे येतात. पण ३१ ऐवजी ३६ लाद्या लागतात. शेठजींनी पाच लाद्यांच्या खर्चावर बोट ठेवले. त्यांच्या सूनबाईंनी कागदावर पुढचा हिशोब मांडला. दुसऱ्या पद्धतीत कापून उरलेल्या बारा तुकड्यांतून १०० मिलिमीटरच्या चोवीस पट्ट्या निघतात आणि खोलीचे सारे स्कर्टिंग त्यांतच होते. पहिल्या पद्धतीत त्याच स्कर्टिंगसाठी आणखी पाच लाद्या फोडाव्या लागल्या असत्या. दोन्हीकडे बेरीज छत्तीसच! कापलेल्या पट्ट्यांची वरची कड घासण्याची मजुरी तेवढी वाढली. कचरा मात्र घटला. काम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर अपरिग्रह असा व्यवहारातही उतरतो.

बाहेरच्या कोपऱ्यांचा विचार वेगळा. दोन लाद्या ४५ अंशांत कापून जोडल्या, तर कोपरा देखणा दिसतो. परंतु ती धार पातळ असते, बादली आपटली की टवका उडतो आणि लहान मुलांना लागते. वर नक्षी छापलेल्या लादीचा टवका उडाला, की आतला फिका रंग उघडा पडतो. वावराच्या जागी धातूची गोल पट्टी किंवा गोल घासलेला दगड अधिक टिकतो. कटाई पाण्याखाली करून घ्यावी आणि कारागिराला मुखपट्टी द्यावी. कोरड्या कटाईची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसे निकामी करते. आपल्या घराच्या शोभेसाठी दुसऱ्याचा श्वास खर्ची पडू नये.

न्हाणीघरात मात्र वरवरची मलमपट्टी चालत नाही. पाणी अडवते ती लादी नव्हे, तर तिच्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. तो थर भिंतीवर चढवावा, जमीन-भिंतीच्या सांध्यात गोलसर वाटा मारावा, उतार नहाणी ट्रॅपकडे ठेवावा आणि लादी बसवण्याआधी निदान चोवीस तास पाणी कोंडून खालच्या घरी जाऊन छत पाहावे. सांध्यांत इपॉक्सी भरले, तर ते पाणी आणि डाग दोन्ही रोखते.

जैन गृहस्थाला या साऱ्याचे आणखी एक कारण आहे. जिथे फट, तिथे ओल. जिथे ओल, तिथे मुंग्या, झुरळे आणि बुरशी. मग फवारणीचा प्रश्न उभा राहतो आणि जयणा पाळणारे मन अपराधी होते. जीव उत्पन्न झाल्यावर त्यांना कसे वाचवावे या चिंतेपेक्षा, ते उत्पन्नच होणार नाहीत अशी कड राखणे हा अधिक विवेकाचा मार्ग आहे. पाणी गाळण्यामागे जी दृष्टी आहे, तीच सांधा भरण्यामागेही असावी.

संवत्सरीच्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना शेजाऱ्याच्या छताकडे नजर टाकण्याची वेळ येऊ नये, एवढी काळजी कडा बांधतानाच घेता येते.