धावपट्टीच्या कडेची मंडळी

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर आज जाणे झाले, आणि विंचच्या दोराने ओढले जाणारे ते इंजिनविरहित यान क्षणार्धात वर चढताना पाहूनही माझे चित्त मात्र खाली सावली शोधीत बसलेल्या कुटुंबांतच गुंतून राहिले. या विद्येचा स्वभावच असा की, एकाच्या उड्डाणासाठी जमिनीवर अनेकांचे हात राबतात: कोणी पंखाचे टोक धरून धावतो, कोणी दोर जोडतो, आणि स्पर्धेत ऊर्ध्वगामी वायुप्रवाह न लाभल्यामुळे वैमानिक कुठल्याशा शेतात उतरलाच, तर ट्रेलर घेऊन त्याच्या शोधार्थ निघणारी मंडळी पुष्कळदा त्याची पत्नी व मुलेच असतात. (त्यांचे नाव निकालपत्रकात येत नाही, हे वेगळे.) ज्या जर्मनीत १९२० साली वासरकुप्पे डोंगरावर या स्पर्धांना आरंभ झाला, तेथे १४ वर्षांच्या मुलास एकट्याने ग्लायडर उडविता येते, तेव्हा मुलांस ‘दूर व्हा’ एवढाच हुकूम फर्मावणारा क्लब आपलेच उमेदवार दवडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दोराजवळ सक्त मनाई हवीच; परंतु झाडाखाली एक बाकडे ठेवण्यास, अथवा उड्डाणाच्या वेळा नोंदवहीत लिहिण्याची कामगिरी एखाद्या चुणचुणीत पोरीकडे सोपविण्यास कोणत्या सरकारी मंजुरीची आवश्यकता आहे?