डिस्टिलरीतली वही

९ सप्टेंबर २०२३, शनिवार
ओव्हरहॉलिंग चालू. दिल्लीत जी-२० मध्ये जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली. अमेरिका, ब्राझील, इटली, अर्जेंटिना, बांगलादेश, सिंगापूर, मॉरिशस, अमिराती आणि आपण. जगातल्या इथेनॉलमध्ये अमेरिकेचा वाटा ५२ टक्के, ब्राझीलचा ३०, आपला ३. फिटर आबा म्हणाले, "साहेब, आघाडी झाली. पाऊस कुठाय?" देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट यंदाचा. ऊस खुरटलाय.

७ डिसेंबर, गुरुवार
उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचं नाही, आदेश आजपासूनच लागू. साखर कमी पडायची धास्ती. बी-हेवी, म्हणजे साखर उरलेल्या, मळीच्या आधीच्या ऑर्डरी तेवढ्या पुऱ्या करायच्या. दुसऱ्या पाळीत रसाची लाइन बंद केली, फर्मेंटर धुवायला घेतले. बगॅस, उसाचा चोथा, मात्र निम्मा ओला, वाफाळत, कन्व्हेयरवरून बॉयलरकडं चाललेला. त्याला कुठलाच आदेश नाही.

१० डिसेंबर, रविवार
घरी ब्राझीलचं वाचलं. १९७३ च्या तेलसंकटाचा चटका बसला आणि १९७५ मध्ये त्यांनी 'प्रोआल्कोल' काढलं. पुढं निव्वळ अल्कोहोलवर पळणाऱ्या गाड्या आल्या. १९८९ मध्ये पंपावर अल्कोहोल मिळेना. साखरेला भाव आला की कारखाने तिकडं वळणारच. गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तो २००३ मध्ये पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींवर पळणाऱ्या फ्लेक्स गाड्या येईपर्यंत. आता तिथला गाडीवाला पंपावर हिशेब करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच भरायचं, कारण त्याला मायलेज कमी. साखर की इंधन, हे भांडण त्यांचंही मिटलेलं नाही. पण टंचाईत गाडी दारात उभी राहत नाही. आघाडीतून घ्यायचं तर हे.

१६ डिसेंबर, शनिवार
काल सवलत आली. १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी वापरता येणार. आमच्या वाट्याला किती, पत्ता नाही. कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेली. बँकेचा हप्ता आदेश बघून थांबत नाही.

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार
बंधनं उठली. नोव्हेंबरपासून रस पुन्हा मोकळा.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार
आसामात गोलाघाट जिल्ह्यात, नुमालीगडला, बांबूपासून इथेनॉलच्या प्रकल्पाचं उद्घाटन. नुमालीगड रिफायनरीच्या जोडीला फिनलंडच्या फोर्टम आणि चेम्पोलिस. तंत्र त्यांचं, बांबू ईशान्येचा. साखरेच्या डब्याशी संबंधच नाही, त्यामुळं साखरेच्या धास्तीनं कुणी कुलूप घालणार नाही. नऊ देशांच्या फोटोपेक्षा अशा एका भागीदारीत मला जास्त दम वाटतो.

बांबूसारखं उसाच्या चोथ्या-पाचटापासून इथेनॉल आपल्याला जमेल? बगॅस बॉयलरच खातो. त्यावर कारखाना चालतो, उरलेली वीज विकतो. पाचट मात्र अजून फडात पेटवतात. ते गोळा करून आणायचं तर वाहतुकीचं भाडं कुणी सोसायचं? उद्या शेती अधिकाऱ्यांना गाठून टनामागचा खर्च काढायला सांगतो.