समुद्राचा रंग

लहान मुलांना कांहीं शिकविण्याची हौस ज्यास आहे, त्यानें पावसाळ्यांत चार दिवस कोंकणांतील एखाद्या भरल्या घरीं जाऊन राहावें. आपल्या ज्ञानाची खरी किंमत त्यास तेथें कळून येईल. मला ती गेल्या वर्षीं कळली.

आषाढांत मी थोरल्या बंधूंकडे रत्नागिरीस गेलों होतों. पावसानें दोन दिवस उसंत दिली नव्हती. अंगणांत जातां येत नाहीं म्हणून घरांतल्या पांच मुलांनीं माजघराचें रणांगण केलें होतें, आणि वहिनींचा सोशिकपणा आतां संपत आला आहे हें त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होतें. "चला, आपण समुद्र काढूं," असें म्हणून मीं मुलांना ओटीवर बसविलें. रंगपेट्या आल्या, कागद आले, पाण्याचे पेले आले. माझा बेत पक्का होता. आधीं चित्रें काढूं द्यावीं, आणि मग समुद्र निळा कां दिसतो याचें शास्त्र, मधांतून औषध द्यावें तसें, मुलांच्या नकळत त्यांच्या गळीं उतरवावें.

मुलें कामाला लागलीं. कोणी गलबत काढलें, कोणी पापलेट काढलें. एकानें तर देवमाशाच्या पाठीवर क्रिकेटचा डाव मांडला. समुद्र मात्र सगळ्यांचा निळा होता. अपवाद एका धाकट्या पुतणीचा. सात वर्षांच्या त्या पोरीनें विटकरी रंगांत थोडा पिवळा कालवून जवळजवळ सबंध कागद भरून टाकला होता. वर करड्या आभाळाची एक पट्टी होती.

"हें काय? शेत काढलेंस वाटतें?" मीं विचारलें.

"समुद्र आहे, काका."

"अग, समुद्र कधीं असला असतो का? तो निळा असतो!" असें म्हणून मीं तिच्या हातांतला कुंचला घेतला आणि तिच्या समुद्रावर निळ्या रंगाचा एक रुंद पट्टा ओढून दाखविला. तिनें वाद घातला नाहीं. पण कुंचलाहि परत घेतला नाहीं. उठून ती स्वयंपाकघरांत आईजवळ जाऊन बसली. निळ्या रंगावरील माझें व्याख्यान बाकीच्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें, आणि आजचा दिवस सार्थकीं लागला अशा समाधानांत मी जेवावयास उठलों.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाऊस थांबला, आणि आम्ही सारे भाट्याच्या किनाऱ्यावर गेलों. समोर समुद्र पसरला होता. विटकरी, किंचित् पिवळसर. वर करडें आभाळ. चित्रांत होता अगदीं तसाच. मीं ओढलेला निळा पट्टा तेवढा कोठें दिसत नव्हता.

मीं हळूच पुतणीकडे पाहिलें. ती शंख वेंचीत होती. "पाहा, मीं सांगितलें नव्हतें?" असें ती म्हणाली असती तर मला बरें वाटलें असतें. पण ती कांहींच बोलली नाहीं. मोठ्या माणसांना डोळ्यांनीं पाहिलेलें सांगून उपयोग नसतो, हा धडा ती आदल्या दिवशींच शिकली होती. आणि तो मींच शिकविला होता.

कारण किती उघड होतें! येथेंच काजळी नदी समुद्रास मिळते. पावसाळ्यांत ती जांभ्याची तांबडी माती वाहून आणते. लोखंडाच्या गंजासारख्या द्रव्यानें त्या मातीस रंग आलेला असतो, आणि तिचे बारीक कण पाण्यांत तरंगत असेपर्यंत समुद्रहि तोच रंग धारण करतो. शिवाय याच रत्नागिरींत एका किनाऱ्यास 'काळा समुद्र' म्हणतात आणि दुसऱ्यास 'पांढरा समुद्र'. अशा गांवच्या मुलीला, वर्षाकाठीं चार दिवस समुद्र पाहणारा मी, समुद्राचा रंग शिकवावयास निघालों होतों.

परतीच्या वाटेवर मला चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण झाली. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचें प्रतिबिंब, असें लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें सांगून ठेवलें होतें. 1921 सालीं बोटीनें प्रवास करतांना रामन यांनीं निकॉलचा लोलक डोळ्याशीं धरून पाण्याच्या पृष्ठभागावरचें प्रतिबिंब झांकलें. तरीहि खालचें पाणी निळेंच दिसलें! तो निळेपणा पाण्याचाच होता. 'नार्कुंडा' बोटीनें मुंबई बंदरांत परत येतांच त्यांनीं याविषयीं 'नेचर' या नियतकालिकास पत्र लिहिलें. पुढें 1930 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तें ज्या संशोधनाबद्दल, त्याची सुरुवात या पाहण्यांतून झाली. दुसऱ्यानें सांगितलेला रंग बाजूस ठेवून त्यांनीं समुद्राकडे पाहिलें होतें. माझ्या पुतणीनें याहून निराळें काय केलें होतें?

घरीं आल्यावर मीं तिला ओटीवर बोलाविलें. "तुझा समुद्र बरोबर होता," मी म्हणालों. "माझा पुस्तकांतला होता."

"मला ठाऊक होतें," ती शांतपणें म्हणाली.

या उत्तरानें आमचा तह झाला. मग मीं काळ्या कागदावर तिच्याकडून एक लालभडक मासा काढविला आणि त्यावर निळा जिलेटिनचा कागद धरावयास सांगितलें. मासा नाहींसा झाला! बाकीचीं मुलेंहि धांवत आलीं. सूर्यप्रकाशांतला तांबडा भाग पाणी लवकर गिळून टाकतें. दहा मीटरांच्या खालीं तो फारसा उरत नाहीं. म्हणून खोल समुद्रांतले कित्येक लाल जीव तेथें काळे दिसतात आणि शत्रूच्या दृष्टीस पडत नाहींत, हें मीं सांगितलें. या वेळीं आधीं पाहणें झालें, मग सांगणें.

"मग त्याचा खरा रंग कोणता, काका? लाल कीं काळा?" पुतणीनें विचारलें.

माझें उत्तर जिभेवर तयार होतें. मोठ्या कष्टानें मीं तें गिळलें आणि विचारलें, "तुला काय वाटतें?"

तिनें निळा कागद दोनदां उचलला, दोनदां ठेवला. "वर आणला तर लाल," ती म्हणाली. माझें उत्तर याहून लांब होतें. अधिक चांगलें नव्हतें.

निघण्याच्या दिवशीं तें पहिलें चित्र मला ओटीवरच्या भिंतीला चिकटविलेलें दिसलें. माझा पट्टा झांकून देऊं का, असें मीं आदल्या रात्रीं विचारलें होतें, त्यावर तिनें "नको" म्हटलें होतें. आतां त्याचें कारण कळलें. विटकरी रंगाखालीं मोठ्या अक्षरांत लिहिलें होतें, 'आमचा समुद्र'. निळ्या पट्ट्याकडे एक बाण काढला होता, आणि त्याच्या टोंकाशीं लिहिलें होतें, 'काकांचा समुद्र'.