भेटायचं कुठं?



आमचा एक छोटासा गट आहे. छंद एकच, आपल्या बेने इस्राएली समाजातली जुनी कीर्तनं आणि गाणी म्हणण्याचा. काही जण न्यूयॉर्क-न्यू जर्सीला, दोन कुटुंबं बोस्टनजवळ, आम्ही इथे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत, आणि अश्दोद व ठाण्याहूनही काही मंडळी. दर पंधरा दिवसांनी आम्ही कॉम्प्युटरवर जमतो.

पण त्यात एक मोठी अडचण आहे. इकडचा आवाज तिकडे पोचायला क्षणाचा काही भाग उशीर लागतो. बोलताना ते कळत नाही, पण दहा जणांनी मिळून एक ओळ म्हटली की दहा ठिकाणी दहा वेळा ती संपते! म्हणून एकाने गायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचे. त्याला काय गाणं म्हणायचं? तेव्हा ठरलं की वर्षातून एकदा तरी समोरासमोर भेटायचं.

पहिली भेट मॅनहॅटनच्या एका रेस्टॉरंटात झाली. ती फसली. डोक्यावर त्यांचंच संगीत चाललेलं, पेटी उघडू देईनात, आत जायला आठ पायऱ्या. निम्म्या लोकांनी कोशरच्या शंकेने नुसता चहा घेतला. एकही पद न म्हणता आम्ही घरी आलो. आणि मुख्य म्हणजे मावशी आल्याच नव्हत्या.

या मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, वय ८६. श्रूजबरीत लेकीकडे राहतात, वॉकर घेऊन चालतात.

मुलांनो, कीर्तन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. एक जण उभा राहून गोष्ट सांगतो, मधे मधे पदं म्हणतो, आणि मागचे लोक साथ देतात. ही पद्धत महाराष्ट्रात जुनीच. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या आपल्या लोकांनी ती उचलली आणि अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठीत गाऊ लागले. जुन्या पुस्तकांत पदाचे शब्द मिळतात, पण वर नुसतं लिहिलेलं असतं, ‘चाल अमुक गाण्याची’. ते अमुक गाणंच आज कुणाला येत नाही! योसेफाच्या कीर्तनातल्या कितीतरी पदांच्या चाली आमच्यात फक्त मावशींना ठाऊक. फोनवर त्या गातात, पण दम लागला की आवाज तुटतो आणि तो दम होता की सूर होता तेच कळत नाही.

दुसऱ्या भेटीची चर्चा सुरू झाली तेव्हा तरुण मंडळी पुन्हा मॅनहॅटन म्हणाली. मी वूस्टर सुचवलं. (लिहितात वॉर्सेस्टर, पण म्हणायचं वूस्टर. आमच्याकडे नवा माणूस यावरूनच ओळखतात.) क्वीन्सचा एक मुलगा हसत म्हणाला, “अंकल, तुम्ही तर सभा स्वतःच्या दारातच आणलीत!” खरं होतं. श्रूजबरी आणि वूस्टर यांच्यामध्ये नुसतं क्विन्सिगामंड तळं आहे, पूल ओलांडला की झालं. आणि तिकडच्या सहा कुटुंबांना चार-चार तास गाडी हाकायची. हिशोब त्याचाच बरोबर होता.

मी एवढंच म्हणालो, “बाबा रे, तुम्हाला चार तास त्रास होईल, पण तुम्ही पोचाल. मावशी चार तासांनी पोचणारच नाहीत.” बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, “ठीक आहे, पण हॉल नीट शोधा.”

मग आम्ही यादी केली. तळमजला हवा, बाथरूम जवळ हवं, खुर्च्यांना हात हवेत. गाडी फुकट लावता यावी. गाडी नसलेल्यांना बोस्टनहून वूस्टरच्या युनियन स्टेशनला रेल्वेने येता यावं. शब्बात नको, म्हणून रविवार. ओमेरचे दिवस आणि बिरड्यांच्या रोजाच्या आधीचे तीन आठवडे नकोत, कारण तेव्हा आम्ही पेटी वाजवत नाही. राहता राहिला जून. वेळ सकाळी अकरा, म्हणजे अश्दोदला संध्याकाळचे सहा आणि ठाण्यात रात्रीचे साडेआठ. त्यांना निदान ऐकता तरी यावं.

एका सिनेगॉगने हॉल दिला. अट एकच, बाहेर शिजवलेलं अन्न आणायचं नाही. बायका हसल्या. मलिदा कुठे शिजवावा लागतो? पोहे तिथेच भिजवले, त्यात साखर, खोबरं, वेलची घातली. फळं तिथेच कापली.

२९ जून २०२५ चा तो रविवार. जूनमध्ये शब्बात संपायलाच रात्रीचे नऊ वाजून जातात, म्हणून न्यूयॉर्ककर आदल्या रात्री न निघता रविवारी पहाटे निघाले. मावशींना मी आणायला गेलो. पुलाजवळ आल्यावर त्यांना सांगितलं, “इथे श्रूजबरीच्या काठावर १९०५ ते १९६० पर्यंत व्हाइट सिटी नावाची मोठी जत्रेसारखी बाग होती, हजारो दिवे लागायचे. वूस्टरहून लोक ट्रामने यायचे.” मावशी म्हणाल्या, “ट्राम यायची म्हणून लोक यायचे. मला तू आणतोयस म्हणून मी येतेय.”

एलियाहू हानाबीची आठवण करून मलिदा झाला. मग मावशींनी बसूनच योसेफाचं पद धरलं. आम्ही वर्षभर जी ओळ संथ म्हणत होतो, ती त्यांनी टाळ्या वाजवत झपझप म्हटली. “अरे, भाऊ त्याला विकून पळताहेत, तुम्ही झोपताय काय?” सगळे हसले. मग पस्तीस माणसं एकाच वेळी एकच ओळ म्हणाली आणि ती एकाच वेळी संपली. क्वीन्सच्या त्या मुलाने सगळं टिपून घेतलं. नऊ पदं झाली. बाकीची मावशींना त्या दिवशी आठवली नाहीत. आता लेक त्यांच्या उशाशी वही ठेवते.

परतताना तो मुलगा माझ्याजवळ आला. “अंकल, पुढची भेट एडिसनला करू या. तिथल्या आपल्या काकांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना गाडीत फार वेळ बसवत नाही. ते ढोलकी वाजवतात.”

चार तासांचा रस्ता आता आमच्या वाट्याला. मावशी म्हणतात, “मी येईन की नाही माहीत नाही, पण तुम्ही जा. पदं आता तुमच्याकडे आहेत.”