चार तारा, तीन पाय

निवृत्त माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बरीच मतं आहेत. बागेत फेऱ्या माराव्यात, हास्यक्लबात जाऊन हात वर करून हसावं, अगदीच काही नाही तर पाणीपट्टीविरुद्ध अर्ज लिहावेत. मी बेस गिटार वाजवतो.

आता बेस गिटार म्हणजे काय, हे लोकांना सांगण्यातच माझा निवृत्तीनंतरचा निम्मा काळ गेला आहे. तळमजल्यावरच्या काकांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा अतिशय सहानुभूतीने विचारलं, "दोन तारा तुटल्या वाटतं?"

"नाही हो. हिला चारच असतात."

"मग स्वस्तात पडली असेल."

गाण्याच्या तळाशी जो धुमधुम आवाज चाललेला असतो, जो कानाला कळत नाही आणि पोटाला कळतो, तो हिचा. राहुलदेव बर्मनांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे. गाणी सगळ्या हिंदुस्थानाला पाठ. टोनी वाझ किती जणांना ठाऊक? तिथे त्यांची ही कथा, तर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात माझी काय असणार! आमच्या सौ.ने पहिल्या कार्यक्रमानंतर मला शाबासकी दिली होती. म्हणाली, "छान झालं. तुम्ही कुठल्या गाण्यात वाजवलंत?"

ही गिटार मुळात माझी नव्हे, बापूची. बापू आणि मी गिरगावात एकाच चाळीत वाढलो. मी विम्याच्या कचेरीत लागलो; तोही कुठेतरी लागला, पण जीव सगळा ऑर्केस्ट्रात. १९७९ साली त्याने एका गोवेकर वादकाकडून ही जपानी बेस जुनी म्हणून विकत घेतली, आणि चाळीच्या गॅलरीत बसून मला तिचे चार धडे दिले. चारच, कारण पाचव्याला खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. पुढे मी फायलींत बुडालो, तो वाजवत राहिला. २०१९ साली बापू गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि काळ्या खोळीतली गिटार पुढ्यात ठेवली.

"घरात नुसती पडून राहण्यापेक्षा वाजू दे, भावजी. फक्त पाडू नका."

बस्स, एवढंच. हे वाक्य मी त्यानंतर रोज ऐकत आलो आहे. लोकलमध्ये, जिन्यात, रिक्षात शिरताना.

आणि २०२४ च्या गणेशोत्सवात, दुसऱ्या दिवशी, रात्री नऊच्या सुमारास मी ती पाडली.

म्हणजे मी नाही, स्टँडने पाडली. भाच्याच्या लहान गिटारसोबत साडेचारशे रुपयांचा एक स्टँड आला होता, तो मी सरळ उचलून नेला होता. बारीक नळ्या, त्यावर एक बेचकं. त्या बेचक्यात गिटारची मान नुसती टेकवायची आणि देवावर हवाला ठेवायचा. मध्यंतरात देणगीदारांचे सत्कार निघाले. शाल, श्रीफळ, फोटो. एका देणगीदारांनी फोटोसाठी नम्रपणे एक पाऊल मागे घेतलं आणि ते नेमकं माझ्या वायरीवर पडलं. वायर ताणली. गिटारने आधी विचार केल्यासारखं केलं, मग हळूच कलली, आणि मग धाडकन गेली. अँप्लिफायर चालूच होता. त्या रात्री आयुष्यात प्रथमच माझी बेस शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मागच्या बाजूला कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

गिटार वाचली. एक खुंटी वाकली, तेवढंच. बेस चांगली चार किलोंच्या वरची असते, लांबी जवळजवळ चार फूट, आणि टोकाला लोखंडी खुंट्यांचा भार. ती पाठीवर पडली की अंग थांबतं पण डोकं थांबत नाही, आणि मान नेमकी खुंट्यांच्या खाली मोडते. मागे झुकलेल्या डोक्याच्या गिटारींना तर हा शापच आहे. माझी कुशीवर पडली म्हणून निभावलं.

वहिनी कार्यक्रमाला नव्हत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "कसं झालं?" मी म्हटलं, "आवाज छान लागला." ह्यात खोटं काही नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी स्टँड ह्या विषयाचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे ही अडचण नव्हतीच. तंबोरा घ्या. मिरजेच्या कारागिरांनी शतकभराहून अधिक काळ असले तंबोरे केले, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्या भोपळ्याखाली काय ठेवायचं, हे आपल्या आज्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. चिंध्यांची चुंबळ! वर खोळ, खाली चुंबळ, जागा कोपऱ्यातली, आणि मुलांना धाक. बेस गिटारचं तसं नाही. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या, मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. त्याआधी लोक माणसाहून उंच डबल बास वाजवत. वाजवून झाला की कुशीवर आडवा करून ठेवत. फेंडरने तो आवाज गळ्यात अडकवण्याजोगा केला, पण गळ्यातून काढल्यावर ठेवायचा कुठे, याचा विचार केला नसावा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तेव्हा खाली ठेवण्याची वेळ त्याच्यावर आली नसणार.

धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत. तिथे गेलो तेव्हा सौ. बरोबर होती, तिला परतताना क्रॉफर्ड मार्केट करायचं होतं. दुकानातल्या मुलाने तीन तऱ्हांचे स्टँड मांडले. पहिला घडीचा, बुटका, गिटारला नुसता कमरेपाशी धरणारा. पिशवीत मावतो, पण बेसची मान एवढी लांब की तिच्यापुढे तो पाहुण्याच्या मांडीवर उंच मूल बसवल्यासारखा दिसतो. दुसरा नेहमीचा, तीन पायांचा, वर बेचकं आणि बेचक्यावर एक रबरी पट्टी. तिसरा जाडजूड, ज्यात गिटार खाली टेकत नाही, मानेपाशी लटकते.

मी वजन, उंची, किंमत असले पुस्तकी प्रश्न विचारत होतो. सौ.ने पर्स माझ्याकडे दिली, दुसऱ्या स्टँडला हात घातला आणि दोन पायांच्या मधल्या बाजूला ढकललं. स्टँड आडवा झाला.

"अहो काकू, असं नाही ढकलायचं," मुलगा म्हणाला. "इकडून ढकला, पायाच्या बाजूने."

"पडणारं माणूस पाय बघून पडतं का?" सौ. म्हणाली. "तिवई नेहमी दोन पायांच्या मधेच कलंडते. माझ्या आईकडे होती."

मी विज्ञान घेऊन मॅट्रिक झालो होतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीन पावलं जोडून जो त्रिकोण होतो त्याच्या कडेवरून तोल जातो. म्हणून पाय लांब फाकलेले हवेत, आणि भार जितका वर तितके ते अधिक फाकलेले हवेत.

मग तिने तिसरा पाहिला. त्याचे पाय ऐसपैस. वर दोन बोटं उघडी. त्यात गिटारची मान ठेवली की तिच्याच वजनाने खटका खाली जातो आणि बोटं मिटतात. उचलली की आपोआप उघडतात. म्हणजे गिटार जितकी जड तितकी पकड पक्की. सौ.ने दुकानातली एक बेस त्यावर टांगायला लावली आणि तिन्ही बाजूंनी धक्के दिले. गिटार झुलली, पण स्टँड जागचा हलला नाही. मुलगा डोळे मिटून उभा होता.

"हा घ्या," ती म्हणाली. साडेतीन हजार. मी घासाघीस करू लागलो तर मलाच म्हणाली, "वहिनींच्या वस्तूला कसली घासाघीस करताय?"

घरी आल्यावर तिने स्टँडच्या रबरावर जुन्या धोतराचं फडकं शिवून टाकलं. जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशला काही रबरं झोंबतात आणि डाग पडतो, असं मुलाने सांगितलं होतं, धोका नको. वायरीचीही सोय झाली: ती आधी गिटारच्या पट्ट्यातून ओवून मगच खोचायची, म्हणजे कुणी पाय दिला तर ओढ पट्ट्यावर येते. आणि मध्यंतरात आवाजाचं बटण शून्यावर. नाहीतर बाकीच्यांच्या आवाजाने स्टँडवरच्या तारा आपणहून गुणगुणू लागतात आणि सेक्रेटरी भाषण थांबवून माझ्याकडे बघतात. एरवी त्या स्टँडवर आमचे पायमोजे छान वाळतात.

कोजागिरीचा कार्यक्रम गच्चीवर होता. ह्या वेळी वहिनी आल्या. पहिल्या रांगेत, सौ.च्या शेजारी. मध्यंतरात दुधाची घोषणा झाली, सगळे पातेल्याकडे धावले, आणि वहिनी उलट्या दिशेने स्टेजवर आल्या. गिटारला हात लावला नाही. स्टँडला दोन बोटांनी धक्का दिला. तोही नेमका दोन पायांच्या मधून; हे बायकांना कोण शिकवतं, कोण जाणे. स्टँड हलला नाही. मग त्यांची नजर वर गेली.

"ही खुंटी वाकली कशी?"

मी शाल, श्रीफळ, फोटो, सगळं सांगितलं. खाली मान घालून. त्या ऐकून घेत होत्या.

"आणि हा टवका?" त्यांनी खालच्या कडेला बोट लावलं.

"तो मी नाही पाडला. शपथेवर सांगतो."

"ठाऊक आहे. हे एकदा कपाटाला टेकवून आंघोळीला गेले होते. मी केर काढत होते." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "माझ्याकडूनच पडली. मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांना वाटायचं आपल्याच हातून कुठे आपटली."

मला काय बोलावं कळेना. मी उगीच म्हटलं, "ऐकू येते ना खाली? पहिल्या रांगेत?"

"छे! घरी हे विजेशिवायच वाजवायचे. ओट्यापाशी एवढंसं ऐकू यायचं. तेवढंच माझ्या ओळखीचं."

मी गिटार उचलली. बोटं उघडली. वायर काढून टाकली आणि बापूने गॅलरीत शिकवलेला पहिला धडा वाजवू लागलो. वीज नसताना बेसचा आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. वहिनी वाकून ऐकत होत्या. माईकवरून सेक्रेटरी सांगत होते की दूध प्रत्येकी एकच पेला आहे आणि ज्यांनी कूपन आणलेलं नाही त्यांनी कृपया थांबावं.