इसार देण्याआधी

मैत्रिणींनो, प्लॉटचे व्यवहार म्हणजे पुरुषांचे काम, असेच मीही समजत होते. पण अकोल्याच्या माझ्या वहिनीने पाटल्या मोडून एका दलालाला इसार दिला, आणि माझे डोळे उघडले. प्लॉट त्याचा नव्हताच! शेतकऱ्याकडून त्याने नुसती इसारचिठ्ठी करून घेतली होती, आणि तीच वाढीव भावाने पुढे विकत होता. शेतकऱ्याने जमीन दुसऱ्यालाच खरेदी करून दिली. दलाल अजून "आज देतो, उद्या देतो" म्हणतो आहे.

मागच्या महिन्यात अमरावतीत आमच्याकडेही असेच एक गृहस्थ आले. "वहिनी, आजच टोकन द्या, उद्या भाव वाढतो." मी चहा दिला नि विचारले, "सातबारा कुणाच्या नावावर आहे? अकृषक आदेश आहे? तुमचा महारेराचा नंबर?" हे म्हणाले, "तू कशाला मधे बोलतेस?" पण गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

1 मे 2017 पासून, नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही महारेराकडे नोंदणी करावी लागते. 2023 पासून त्यांची परीक्षाही होते. मात्र एकट्यादुकट्या जुन्या प्लॉटच्या व्यवहाराला हे कुंपण नाही. तिथे आपणच सावध राहायचे. आणि इसारचिठ्ठीने मालकी येत नाही, ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते.

तेव्हा दागिना मोडण्याआधी सातबारा मागा. यांनी रागावले तरी चालेल, दुसऱ्या दिवशी आमचे हेच मला म्हणाले, "बरं झालं विचारलंस."