पाव झाकलेले, डोकं उघडं

गोव्यातली सकाळ पोदेराच्या भोंपूने होते. सायकलच्या कॅरिअरवर भली मोठी टोपली, तिच्यात उंडे, पोयी, कांकणं. पावसाळ्यात टोपलीवर प्लॅस्टिक घट्ट बांधलेलं असतं, पावाला थेंब लागता कामा नये. पोदेराच्या डोक्यावर मात्र फार तर एक टोपी!

आमच्या वाड्यावर येणारा पोदेर २०१९ च्या जूनमध्ये पडला. उतार, ओलं डांबर, पहाटेचा अंधार. ना ट्रक, ना कुणाचा धक्का. चाक घसरलं आणि डोकं कडेच्या चिऱ्यावर आदळलं. माणूस वाचला. आज त्याला माझं नाव आठवत नाही, पण कुणाच्या घरी किती पाव, हे अजून बोटांवर सांगतो. सायकल आता त्याचा धाकटा भाऊ चालवतो.

मी पडलो सरकारी कारकून, त्यामुळे आधी कलम शोधायची खोड. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९ : हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना. सायकलला मोटार नाही, म्हणून ती त्यात बसत नाही. पण रस्ता काही कलम वाचत नाही. दीड मीटर उंचीवरून नुसतं खाली आलेलं डोकंसुद्धा ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आपटतं. सायकल उभी असली तरी!

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' चित्रपट सुरू होतो तोच लॉरेन्सच्या अपघाताने. १९३५ साली दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना त्याची मोटारसायकल उलटली आणि सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यवैद्य होते. पुढे त्यांनी मोटारसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि हेल्मेटचा आग्रह धरला.

हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो. आपटल्यावर तो स्वतः चिरडतो आणि डोक्याचा मार कमी करतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यावं. ते कपाळावर यायला हवं, मागे ढकललेलं नको. पट्टा हनुवटीखाली बसलेला हवा.

कुणी म्हणेल, हॉलंडात तर लोक हेल्मेटशिवाय फिरतात. खरं आहे, पण तिथे सायकलींना वेगळे रस्ते आहेत. आपल्याकडे तीच चिंचोळी वाट बसची, टिपरची आणि शाळकरी मुलांची. टिपरखाली गेलं तर हेल्मेटही काय करणार? म्हणून पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि पावसात लागणारे ब्रेकही तितकेच हवेत.

मुलीने आठवीत सायकल मागितली, तेव्हा सोबत हेल्मेटही आणलं. "बाबा, मैत्रिणी हसतील." "हसू देत गं बाय!" कधीकधी ती ते हँडलला लटकवून निघते. मग मी फाटकातून ओरडतो, "हँडलचं डोकं फुटत नाही!" शेजाऱ्यांना ऐकू जातं. जाऊ दे.